ऑक्टोबरात कोण असतं तिथं?

सकाळचे पावणेदहा वाजलेत. मिरजेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बँकेचं शटर अजून अर्ध्यावरच आहे आणि पायऱ्यांवरची पंधरा-वीस म्हातारी माणसं वाकून आत बघताहेत. बहुतेक सगळी रेल्वेची. नोव्हेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे हयातीच्या दाखल्याची गर्दी. आपण जिवंत आहोत हे पेन्शनरानं वर्षातून एकदा सरकारला कळवायचं असतं. ३० तारखेपर्यंत कळवलं नाही, तर पुढची पेन्शन अडकते.

आईला ब्याऐंशी पूर्ण झालीत. बाबा गार्ड होते. ते गेल्यावर फॅमिली पेन्शन तिच्या नावावर आली. खरं तर ऐंशीच्या पुढच्यांना या गर्दीत यायचं कारण नाही. त्यांचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच घेतात. बँकेत यायचंही कारण उरलेलं नाही. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ सुरू झालं, २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरला तरी भागतं, आणि सत्तर रुपये मोजले तर पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन जातो. हे सगळं मी तिला ऑक्टोबरात ठाण्याहून फोनवर समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ऑक्टोबरात कोण असतं तिथं?”

म्हणून रात्रीच्या महालक्ष्मीनं येऊन मी आता तिची पिशवी धरून पायरीवर उभी आहे.

शटर वर जातं. शिपाई टोकन वाटतो, आमचं एकतीस. मी दोन खुर्च्या धरते आणि आईला हाक मारते. ती ऐकत नाही. मंडईत वांगी निवडावीत तशी ती सगळ्या बाकांवरून नजर फिरवते आणि खिडकीजवळच्या बाकावर, पर्स पोटाशी धरून एकट्या बसलेल्या एका बाईंच्या शेजारी जाऊन टेकते. अर्धा मिनिट काहीच बोलत नाही. मग पिशवी मागून घेते, तिच्यातून फॉर्म काढते आणि त्यांच्यापुढे धरते.

“जरा वाचून दाखवता का हो? चष्मा विसरले मी.”

चष्मा विसरलेला नाही. सकाळी मीच तो पिशवीत, पासबुकाखाली, घडी केलेल्या रुमालात ठेवलाय. मी तोंड उघडते. आई माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

बाई वाचतात. पीपीओ नंबर, खाते नंबर, आधार. वाचता वाचता विचारतात, “मालक कुठं होते तुमचे?” “गार्ड. तुमचे?” “लोको शेडला.” एवढ्यावर दार उघडतं. बाई बेळगावकडच्या, हे त्यांच्या हेलावरून आईच्या लक्षात येतं आणि ती “हेंग अदीरी?” म्हणून कानडीत शिरते. तिचं कानडी रेल्वे क्वार्टर्समधलं, चार वाक्यांचं. पाचव्या वाक्याला ती मराठीवर येते. बाईंना त्याचं काहीच वाटत नाही, त्याही येतात.

मी आईला बोलकी समजत आले. इथं बसून नीट बघितल्यावर दिसतं, की ती बोलते कमीच. ती माणसांना काम सांगते. हे वाचून द्या, ती बाटली उघडा, माझी जागा बघा हं जरा. ‘कसं काय, बरंय ना?’ विचारलं की माणूस ‘बरंय’ म्हणून मोकळा होतो. हातात फॉर्म दिला की त्याला जवळ सरकावंच लागतं. ठाण्यात आमच्या मजल्यावर चार घरं आहेत. सहा वर्षांत मी त्यांतल्या कुणाकडे वाटीभर साखरही मागितलेली नाही आणि या गोष्टीचा मला आजवर थोडा अभिमानच होता.

माझ्या शेजारच्या, आईसाठी धरलेल्या खुर्चीवर एक काका येऊन बसतात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी प्रयत्न करते.

“गर्दी आहे नाही आज?”

“हं.”

संपलं. ते समोरच्या व्याजदराच्या फलकाकडे बघतात, मीही बघते. पाच मिनिटांनी मी माझं पेन पर्सच्या तळाशी ढकलते आणि म्हणते, “काका, पेन द्याल का जरा?”

काका दोन्ही पेनं बाहेर काढतात, तळहातावर गिरवून कुठलं नीट चालतंय ते बघतात आणि ते देतात. मग मी काय लिहितेय ते वाकून बघतात. मला लिहायचं काहीच नसतं. मी टोकनाच्या मागे आजची तारीख घालते.

“रेल्वेचेच ना तुम्ही?”

“यार्डात होतो. लातूरला पाणी नेलं बघा २०१६ ला, तेव्हा इथंच होतो की.”

आणि काका सुटतात. एप्रिलचं ऊन, पहिल्या गाडीला दहा टँकर, एकेकात पन्नास हजार लिटर, पाणी भरता भरता झालेली रात्र. “माझे वडील त्याच वाटेवर बार्शी लाइटला होते. अडीच फुटी रूळ. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. ती लाइन रुंद झाली म्हणून तर टँकर गेले, नाहीतर कुठलं हो?” हे ते कितव्यांदा सांगताहेत कोण जाणे, पण मी पहिल्यांदा ऐकतेय. बाबांचं नाव सांगते. ते मान हलवतात. “नाही ओळखत. गार्ड लोक आमच्याशी कुठं बोलायचे?”

यावर काय म्हणावं ते मला कळत नाही. काका मात्र हसून माझ्याकडचं पेन परत घेतात आणि खिशाला लावतात.

काल कार्तिकी एकादशी झाली. पंढरपूरहून परतलेल्या एक मावशी कागदाच्या पुडीतून चुरमुरे आणि बत्तासे वाटत फिरताहेत. रखवालदारालाही मिळतात, आत कॅश मोजणाऱ्या मुलीलाही काचेखालच्या फटीतून मिळतात. मुलगी बत्तासा नोटांच्या गठ्ठ्यावर ठेवते आणि मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

एकतीस. आई उठते, बेळगावच्या बाईंना “जागा बघा हं” सांगते. टेबलामागचा मुलगा पंचविशीचा, मराठी जपून बोलणारा. पेटीएवढ्या यंत्रावर लाल दिवा लुकलुकतो. आई अंगठा ठेवते. यंत्र नाही म्हणतं. पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. मी तो अंगठा इतक्या जवळून बऱ्याच वर्षांनी बघतेय. टोकाची कातडी गुळगुळीत, भांडी घासून घासून रेषा पुसल्यासारख्या. एक तेवढी जुनी आडवी खूण, विळीची असावी. मागच्या रांगेतून सल्ले येतात. “केसांवरून फिरवा ओ आजी, तेल लागू दे.” “दुसरं बोट बघा.” आई अंगठा कपाळावर घासते, पदराला पुसते, ठेवते. नाही.

“आजी, फेसवर करू,” मुलगा म्हणतो आणि आपला फोन तिच्यासमोर धरतो. “डोळे मिटा, उघडा.” आई डोळे मिटते आणि मिटूनच बसते. “उघडा, आजी!” सगळी रांग हसते. आता यंत्राला पटतं. मुलगा पुढचे रकाने भरतो आणि एका ठिकाणी अडखळतो.

“आजी, हे विचारावं लागतं. पुनर्विवाह?”

“नाही केला अजून,” आई म्हणते. “कुठलं स्थळ आहे का तुझ्या बघण्यात?”

मुलाचे कान लाल होतात. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, यार्डातले काका खुर्चीवरूनच टाळी देतात. आई त्याला त्याचं गाव विचारते. तो बिहारमधलं कुठलंसं नाव सांगतो. तिला ते कळत नाही, मलाही नाही. “घरी फोन करतोस ना रोज?” तो म्हणतो, “रविवारी.” आई म्हणते, “बुधवारीपण कर.”

दाखला जमा झाल्याचा मेसेज माझ्या फोनवर वाजतो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झालीत. मी पिशवी खांद्याला लावते. आई आपल्या बाकाकडे निघालीय.

“आई, झालं काम.”

“झालं की. बस.”

बाकावर आता पाच जणी आहेत. आई पिशवीतून छोटी वही काढते आणि चष्माही काढून डोळ्याला लावते. बेळगावच्या बाई तो चष्मा बघतात, मग आईकडे बघतात, आणि काही न बोलता थोडं सरकून तिला जागा देतात. वहीत गेल्या वर्षीची नावं आहेत, समोर फोन नंबर. दोन नावांवर बारीक रेघ ओढलेली आहे. एक नाव आज आलेलं नाही. आई मला नंबर लावायला सांगते आणि फोन स्वतःकडे घेते. पलीकडून बराच वेळ कुणी उचलत नाही. पाचही जणी गप्प आहेत. मग कुणीतरी “कोण?” म्हणतं आणि आई इतक्या मोठ्यानं बोलते, की कॅशवाली मुलगी मान वर करते.

बाई हुबळीला मुलाकडे आहेत. दाखला तिथूनच दिला, नातवानं फोनवर करून दिला. बऱ्या आहेत.

“मग कळवायचं तरी!” आई रागावते. “सरकारला कळवलंत, आम्हाला कोण कळवणार?” पलीकडून काय उत्तर येतं ते मला ऐकू येत नाही. फोन एकेकीकडे फिरतो.

आम्ही निघतो तेव्हा पावणेदोन वाजलेत. रिक्षात बसल्यावर आई वही माझ्याकडे देते आणि बेळगावच्या बाईंचं नाव आणि नंबर नीट अक्षरात लिहून घ्यायला सांगते. पुढच्या वर्षी नोव्हेंबरचा पहिला सोमवार २ तारखेला येतो. तेही त्या पानाच्या वर लिहायचंय. लिहायला मी पर्सच्या तळातून माझं पेन काढते.