वाळूच्या रंगाची भिंत

घर रंगवावयाचें ठरलें म्हणजे दुकानांतून नमुन्यांची पुस्तिका येते आणि दोन दिवस ती या हातांतून त्या हातांत फिरते. शेवटीं सर्वांची दृष्टि बहुधा वाळूच्या रंगावर येऊन थांबते. मुलांस पांढरा रंग कोरा वाटतो, वडील मंडळींस गडद रंग भडक वाटतात. वाळूच्या रंगास मात्र कोणाचीच हरकत नसते. पुस्तिकेंत ज्यास 'बेज' म्हणतात तोच हा. शब्द मूळचा फ्रेंच. न रंगविलेल्या लोंकरीच्या अंगच्या रंगास तो लावीत. आपणांसहि हा रंग अगदींच नवखा नव्हे. चुन्यांत पिवडी आणि चिमूटभर गेरू मिसळला कीं जवळजवळ हाच रंग उतरतो.

हरकत कोणाची नसते म्हणून निवड सोपी, असें मात्र समजूं नये. हा रंग दिसतो साधा, पण आहे मोठा लबाड! पांढऱ्यांत थोडा पिवळा, त्याहून थोडा तांबडा आणि किंचित् काळा अशी त्याची घडण. तांबडा वाढला कीं भिंत गुलाबीकडे झुकते, पिवळा वाढला कीं लोण्याकडे. पिवळा व काळा दोन्ही वाढले तर हिरवट झांक येते. दोन बोटांच्या नमुन्यांत हा झोंक कळत नाहीं. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकूं लागल्या म्हणजे तो कळतो, आणि तोंवर डबे संपलेले असतात.

आमचें माजघर उत्तरेकडचें, फरशी शहाबादी. तेथें सासूबाईंचा सारा दिवस जातो. त्यांस मोतीबिंदू आहे. शुभ्र भिंतीवरची तिरीप त्यांच्या डोळ्यांस टोंचे, म्हणून आम्हीं हा रंग निवडला. दुकानांत उबदार वाटलेला तो रंग माजघरांत ओल्या सिमेंटासारखा दिसूं लागला. उत्तरेच्या खिडकींतून ऊन येत नाहीं, आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो. त्यांत करड्या फरशीची छाया. उरलेला रंग पश्चिमेच्या खोलींत लाविला, तर उतरत्या उन्हांत तो इतका खुलला कीं डबा एकच होता हें कोणास पटेना.

शेजारधर्महि पाहावा लागतो. शेव्रल हा फ्रेंच रसायनज्ञ पॅरिसच्या गोब्लँ येथील विणकामाच्या कारखान्यांत रंगखात्याचा प्रमुख होता. एक रंग दुसऱ्याशेजारीं ठेवला असतां डोळ्यांस वेगळा कां भासतो, याचें विवेचन त्यानें १८३९ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. निळ्या पडद्याजवळ वाळूचा रंग नारिंगी भासतो, तांबड्या जाजमाजवळ हिरवट.

यास्तव मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात रंग देऊन तो भिंतीभिंतीशीं सकाळीं, दुपारीं व दिवे लागल्यावर धरून पाहावा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखालीं जी ऊब दिसते, ती ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखालीं पार उतरते. ओला रंग पारखूं नये. चुना वाळल्यावर फिकटतो, तर इमल्शन बहुधा किंचित् गडद होतें.

आमची दुसरी चूक याहून वाईट. हल्लीं दाराची चौकट, उंबरठा, दिव्यांचीं बटनें, सारें भिंतीच्याच रंगांत बुडविण्याची आवड आहे. आम्हींहि तसेंच करविलें. पाहुण्यांनीं वाखाणलें. सासूबाई मात्र दारापाशीं येऊन हातानें चौकट चांचपूं लागल्या आणि तिसऱ्या दिवशीं उंबरठ्यास अडखळल्या. मोतीबिंदू असतां जवळजवळच्या छटांतील भेद पुसला जातो, हें डोळ्यांच्या डॉक्टरांनीं सांगितलें तेव्हां कळलें. "रंग चांगलाच आहे गं, पण दार कुठें गेलं?" एवढेंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या हातास माजघराच्या रंगांत तांबड्याचा अंश थोडा वाढविला. उंबरठा आणि चौकटी गडद तपकिरी केल्या, बटनांभोंवतीं त्याच रंगाची पट्टी ओढली. नमुन्याचा पुठ्ठा या वेळीं आधीं सासूबाईंच्या पाटासमोर चार दिवस उभा होता.