चाचणी घरी, पण पुढे काय?

कर्जत-खालापूरकडची अनेक मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी लोकलने कल्याण-ठाण्याकडे ये-जा करतात. रुळांकडेच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोगा'च्या जाहिराती त्यांच्या ओळखीच्या असतात. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांची पहिली ओळख अशी होते आणि मनात ठसतो तो 'गुप्त' हाच शब्द. मग शंका आली तरी गावच्या दवाखान्यात जाणार कोण? औषधवाला वडिलांच्या ओळखीचा, केसपेपर काढणाऱ्या ताई शेजारच्या! म्हणूनच, "गरोदरपणाची चाचणी घरी होते, तर ही का नको?" असे तरुणांना वाटणे स्वाभाविक आहे.

जगाने हा विचार स्वीकारलाही आहे. अमेरिकेने २०१२ साली एचआयव्हीच्या घरगुती चाचणीला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा स्वचाचणीची शिफारस केली.

मात्र तिच्या मर्यादा ओळखायला हव्यात. एचआयव्हीचा संसर्ग लगेच चाचणीत दिसत नाही. त्याला तीन महिनेही लागू शकतात. चाचणीत दोष दिसला, तरी प्रयोगशाळेतून खात्री करावीच लागते. गरमीच्या काही चाचण्या रोग बरा झाल्यावरही दोष दाखवत राहतात. परमा आणि क्लॅमिडिया यांसाठी लघवीचा किंवा स्रावाचा नमुना लागतो. म्हणजे एका चाचणीने सगळ्याच आजारांची शंका फिटत नाही. क्लॅमिडियाची अनेक स्त्रियांना काहीच लक्षणे जाणवत नाहीत आणि उपचारांअभावी पुढे वंध्यत्व येऊ शकते. हे तिन्ही आजार प्रतिजैविकांनी बरे होतात. फक्त जोडीदारानेही उपचार घ्यायला हवेत.

खासगीपणा केवळ घरातच मिळतो, असेही नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि निष्कर्ष गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत ती मोफत होते. गावात संकोच वाटला, तर दुसऱ्या तालुक्यातले केंद्रही चालते. आधी नुसते विचारायचे असेल, तर १०९७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.

तरुणांना खासगीपणा हवा आहे, त्यात गैर काही नाही. तो दवाखान्यातही मिळतो, हा विश्वास देणे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती आहे. आणि चाचणी घरी केली तरी उपचारासाठी डॉक्टरांपर्यंत पोहोचणे आपल्या हाती.