गुरुवार, जुमेरात, बेस्तवारम

भिवंडीत एकाच वाराची तीन नावं कानावर पडतात. मराठी माणूस 'गुरुवार' म्हणतो, उर्दू बोलणारा मोमीन विणकर 'जुमेरात', आणि पद्मानगरातल्या तेलुगू घरात 'बेस्तवारम'. बाहेर यंत्रमागांची खडखड मात्र एकच.

'जुमेरात' म्हणजे जुम्म्याची रात्र. इस्लामी गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शुक्रवारची रात्र आपल्या गुरुवारच्या संध्याकाळीच येते, आणि तिचं नाव सबंध दिवसाला मिळालं. 'बेस्त' म्हणजे बोलून बोलून झिजलेला बृहस्पती. कोकणीतला 'बिरेस्तार' त्याचाच भाऊ. गोव्यावर 1961 पर्यंत साडेचारशे वर्षं पोर्तुगिजांचं राज्य होतं. त्यांच्या भाषेत गुरुवारला ग्रह नाही, नुसता आकडा आहे. त्याच्या नावाचा अर्थच 'पाचवा'. तरी कोकणी माणसाने बृहस्पतीला सोडलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अरबीतही गुरुवार 'खमीस', म्हणजे पाचवा. चिनी आणि रशियन भाषांत मात्र तोच वार 'चौथा'! पहिल्या दोघांनी रविवारपासून मोजलं, दुसऱ्या दोघांनी सोमवारपासून. आठवडा कुठून सुरू करायचा हा वाद असा नावातच गोठून बसला आहे.

गंमत म्हणजे मोजणीची सुरुवात बदलते, पण वारांची रांग कुणीच मोडत नाही. ही रांग आली कुठून? जुन्या ज्योतिर्विदांनी ग्रहांना संथ ते चपळ असं ओळीने बसवलं: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. शनीच्या एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात, चंद्राला सव्वासत्तावीस दिवस. मग दिवसाच्या 24 होरांना, म्हणजे तासांना, हे सात धनी ओळीने वाटून दिले. पहिल्या होरेचा धनी तोच त्या दिवसाचा धनी. आता 24 ला 7 ने भागा, 3 उरतात. म्हणून दुसऱ्या दिवसाचा मान तीन घरं पुढच्याला. शनीपासून तीन घरं पुढे सूर्य, सूर्यापासून चंद्र, चंद्रापासून मंगळ. बोटं मोजत पुढे जा, गुरुवारही आपल्या जागी येईल. आर्यभटाने हा 'चौथ्याचा' (स्वतःला धरून मोजलं की चौथा) नियम आपल्या ग्रंथात दिला आहे. आणि भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा जो जुन्यात जुना उल्लेख मानला जातो, तो मध्य प्रदेशात एरण इथे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला, सन 484 चा. तो वारही गुरुवारच.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ही सारी नावं आक्रसून एकेका अक्षरात मावतात: र, सो, मं, बु, गु, शु, श. सातही वेगळी. इंग्रजीत हेच केलं की दोन 'टी' आणि दोन 'एस' समोर येतात. पोर्तुगीजमध्ये तर तीन 'एस' आणि दोन 'क्यू'. आपली सुटका काना-मात्रांनी केली. आपला स्वर व्यंजनाच्या अंगावरच बसतो, म्हणून अक्षर एक घेतलं तरी आवाज पुरा येतो. शुक्र आणि शनी यांच्यात तर फक्त एका उकाराचं अंतर आहे, पण तेवढं पुरतं. उर्दूत 'जुमेरात' आणि 'जुमा' दोन्ही 'जीम' या अक्षराने सुरू होतात. एका अक्षराने तिथे भागत नाही.

आणखी एक. उर्दूतला 'इतवार' म्हणजे आपला आदित्यवार. तोच कोकणीत 'आयतार', तेलंगणाच्या बोलीत 'ऐतारम', आपल्या खेड्यांत 'आयतवार'. सूर्याचं संस्कृत नाव या सगळ्यांनी आपापल्या उच्चारात घोळवून घरचं करून टाकलं.

सात दिवसांना मात्र आपण 'आठवडा' म्हणतो. सोमवार ते सोमवार, दोन्ही टोकं धरून, आठ. फारसीतून आलेल्या 'हफ्ता' शब्दात सातच आहेत. आपला कर्जाचा हप्ताही त्यातलाच. उर्दूत 'हफ्ता' म्हणजे आठवडा, आणि शनिवारसुद्धा. तेव्हा भिवंडीत कुणी 'हफ्ते को आना' म्हणालं, तर आठवडाभर थांबू नका, शनिवारी जा.