कोरडी दारू, ओला दर्या

सिनेमातला समुद्री चाचा हातात पेटती मशाल घेऊन दारूच्या पिंपांमधून धावतो. खऱ्या चाच्याने हा वेडेपणा केला असता तर गलबतासकट उडाला असता. सोरा, कोळसा आणि गंधकाची ही दारू ठिणगीने भडकते, ओल लागली की निकामी होते, आणि गलबतावर चुलीचा विस्तव नि समुद्राचं पाणी दोन्ही हाताच्या अंतरावर.

म्हणून पिंपं तळाच्या कोठीत, पाण्याच्या पातळीखाली ठेवत. तिथे शत्रूचा गोळा सहसा पोहोचत नसे. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडू नये म्हणून पिंपांना लाकडी किंवा तांब्याचे पट्टे असत. लढाईच्या वेळी कोठीतून वर येई ती सुटी दारू नव्हे, तर मापून कागदात किंवा कापडात बांधलेली पुडी. बंदूकवाल्याच्या कमरेला काडतुसांची पेटी किंवा शिंगाचं बारूददान असे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या शस्त्रसंग्रहात अशी बारूददानं पाहायला मिळतात. त्यांचं तोंड मुद्दाम निमुळतं घडवलेलं असतं, एका वेळी थोडीच दारू बाहेर यावी म्हणून.

ब्लॅकबिअर्ड हा चाचा छातीवरच्या पट्ट्यात पिस्तुलांच्या तीन जोड्या अडकवी, असं १७२४ मध्ये छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात लिहिलं आहे. ते दिखाव्यासाठी नव्हतं. ठासणीचं पिस्तूल एकदाच उडे आणि हातघाईत पुन्हा भरायला उसंत नसे. १७१८ मध्ये बुडालेल्या त्याच्या ‘क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज’ जहाजाचे अवशेष १९९६ मध्ये सापडले. त्यातल्या काही तोफा भरलेल्याच होत्या. एका तोफेच्या दारूच्या नळीत तर १७१२च्या प्रवासवर्णनाच्या पानांचे तुकडे मिळाले!

त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे होते. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं, ते मला मान्य नाही. ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते आणि त्यांच्या दस्तकाशिवाय (परवान्याशिवाय) कोकणच्या दर्यात फिरणाऱ्या जहाजांना अडवणं हा त्यांचा अधिकार होता. त्यांच्या गुराब या लढाऊ जहाजांच्या नाळीवर पुढे रोखलेल्या तोफा असत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. मारा डोलकाठ्यांवर होई. जहाज लुळं पडलं की तलवारी घेऊन माणसं त्यावर चढत. तोफा बेतानेच असल्या, तरी नेमक्या जागी उडाल्या की काम भागे.

या तोफांची दारू किनाऱ्यावर कशी जपायची, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांच्या संदर्भात वाचावं. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, भोवती कुसू घालावं. आत तळघरासारखी जागा करून गच्ची जमीन करावी, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. बाण आणि हुक्के (फेकायचे दारूचे गोळे) वेगळे ठेवावेत. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी सगळं बाहेर काढून ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून बंद करावं. कोकणच्या सर्द हवेला पुरून उरणारं हे शहाणपण आहे, आणि ते लिहून ठेवणाऱ्या राज्याला लुटारू म्हणणं अन्यायाचं आहे.

दुर्दैवाने आंग्र्यांच्या आरमाराचा घात पुढे आगीनेच झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. त्यांना आमच्याच पेशव्यांची साथ होती, हे आजही सलतं. कान्होजींच्या घराण्यातल्या तुळाजी आंग्र्यांची जहाजं बंदरात एकमेकांना खेटून उभी होती. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यांतल्या एकावर पडला आणि बघता बघता सारं आरमार पेटलं. किल्ला पडला तेव्हा आत दोनशेच्या वर तोफा आणि भरपूर दारूगोळा इंग्रजांच्या हाती लागला.