दहा वाजेलोकची सूट

अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या जवाहरनगर-रणपिसेनगराच्या भागात सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास, ज्या घराच्या फाटकावर कधीकाळी एकाच कुटुंबाच्या नावाची पाटी असे त्याच घराच्या अंगणात आज आठ-दहा मोटारसायकली, कठड्यावर वाळत घातलेल्या जीन्स आणि जिन्याखाली मेसच्या डब्यांची रांग दिसली, तर त्याचे नवल वाटत नाही. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेले विदर्भ महाविद्यालय, १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९८३ चे विद्यापीठ, तिकडे अकोल्यात १९६९ चे कृषी विद्यापीठ आणि अलीकडचे शिकवणीवर्ग, यांनी वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांची मुले या दोन शहरांत आणली. वसतिगृहांत मावली नाहीत ती वस्तीत शिरली. त्यापायी जे कज्जे उद्भवतात त्यांत दोन्ही पक्ष मोठ्या आत्मविश्वासाने कायदा सांगतात, आणि बहुधा दोघांनी सांगितलेला कायदा पुस्तकात नसतो.

रात्री साडेनऊच्या सुमारास समोरच्या गच्चीवरचा स्पीकर बंद करा म्हणून सांगावयास गेलेल्या वृद्ध गृहस्थास ‘काकाजी, दहा वाजेलोक तं सूट हाय ना!’ असे उत्तर मिळते. पोट्टे उद्धट नसतात, नमस्कारही करतात, आणि बिचारे गृहस्थ घड्याळाकडे पाहत परततात. ही सूट कोणी दिली? ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस मानला आहे हे खरे. परंतु दिवसालाही मर्यादा घातली आहे. निवासी क्षेत्रात ती दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलांहून अधिक वाढता कामा नये. ध्वनिक्षेपकास तर कोणत्याही प्रहरी लेखी परवानगी लागते. दहानंतर मर्यादेचा हिशेब बाजूस राहून मज्जावच सुरू होतो, कारण रात्री ध्वनिवर्धक अथवा वाद्य वाजवावयाचे ते सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत. उघडी गच्ची त्यात बसत नाही.

येथे डेसिबल या मापाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आकडे वाचून सामान्य माणूस फसतो. हे माप त्रैराशिकाने चालत नाही; दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले म्हणजे शंभरपट. तेव्हा गच्चीवरून शेजारच्या भिंतीपाशी ८० डेसिबल पोचत असतील तर ते ५५ च्या दीडपट नव्हेत. ऊर्जेच्या हिशेबाने ते तीनशे पटींहून अधिक आहेत. उलट, हे आकडे काही काळाच्या सरासरीचे असल्यामुळे गल्लीतून गेलेल्या एका फटफटीचा फर्राटा किंवा क्रिकेटच्या सामन्यात उठलेली एक आरोळी एवढ्याने मर्यादा मोडली असे होत नाही, हे शेजाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

‘सणाला बारापर्यंत चालते, मग वाढदिवसाला का नाही?’ हा युक्तिवाद त्याच जातीचा. ती मुभा राज्य शासन देते, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी देते, आणि वर्षाकाठी एकंदर पंधरा दिवसांपुरतीच देऊ शकते. मोटारीच्या बॉनेटवर मध्यरात्री कापलेला केक कोणत्याही उत्सवाच्या यादीत नाही.

आता शेजाऱ्यांकडचा गैरसमज. महाविद्यालयाच्या शंभर मीटरांच्या आत राहणारे लोक आपण आपोआप शांतता क्षेत्रात आहो असे समजतात. मूळ नियमांत शैक्षणिक संस्था, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांचा उल्लेख आहे. परंतु ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीने, राज्य शासनाने तसे अधिसूचित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, असे केले. शिवाय ही तरतूद वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यास बाहेरच्या गोंगाटापासून राखण्यासाठी जन्मली, हे तक्रारीच्या भरात विसरले जाते.

तक्रार करावयाची तर नाव द्यावे लागेल, मग पोरे दारावर येतील, या भयाने पुष्कळ लोक गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निर्णय देताना तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्यास सांगितले, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा, त्याची ओळख न विचारता कारवाई करावी असे बजावले. मोजमापाचे यंत्र तक्रारदाराने आणावयाचे नसते. रात्रीच्या निर्बंधाचा भंग ही स्वतःच तक्रारीस पुरेशी बाब आहे. दोन शहरांत फरक एवढाच की अमरावतीस पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे या नियमांखालील प्राधिकारी पोलीस आयुक्त. अकोल्यास ते नाही, म्हणून तेथे जिल्हादंडाधिकारी किंवा नेमून दिलेला, उपअधीक्षकाच्या दर्जाहून कमी नसलेला पोलीस अधिकारी. तातडीच्या वेळी मात्र दोन्हीकडे ११२ हाच क्रमांक.

तथापि ज्याच्यापायी सर्वाधिक अर्ज वाया जातात असा समज निराळाच आहे, तो असा की निवासी विभागात ‘बॅचलर’ पोरांना ठेवणेच बेकायदा. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बेल टेर नावाच्या खेड्याने, एका घरात परस्परांशी नाते नसलेली दोहोंहून अधिक माणसे राहू नयेत असा नियम केला होता. जवळच्या विद्यापीठाचे सहा विद्यार्थी एकत्र राहिले म्हणून खटला झाला आणि १९७४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. आपल्याकडील नगररचनेची घडण तशी नाही, आणि नसावीच असे माझे मत आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ राहणाऱ्याचे नातेगोते पुसत नाही. इमारत कशासाठी मंजूर झाली आणि ती कशासाठी वापरली जात आहे, हे पुसतो. राहण्यासाठी मंजूर झालेल्या बंगल्यात परवानगीवाचून मंगल कार्यालय किंवा मोठा शिकवणीवर्ग चालत असेल तर तो वापरातील बदल होय, आणि त्यास कलम ५२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. ही फिर्याद पोलीस ठाण्यात नेऊन उपयोग नाही. ती महानगरपालिकेच्या नगररचना दप्तरात द्यावयाची. आवाजाची तक्रार पालिकेत आणि वापराची तक्रार पोलिसांत, अशी अदलाबदल झाली की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि अर्जदार सरकारला शिव्या देतो.

आणि घरमालक? त्यांचा आवडता समज म्हणजे अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची असल्यामुळे ही अकराची पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ती बुजवली. करार लेखी व नोंदलेला असणे ही जबाबदारी मालकाची, आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे: करार नोंदलेला नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘दहानंतर गच्चीला कुलूप’ अशी अट मालकाने दारात उभे राहून, बोट उगारून सांगितलेली असते; पोट्ट्याने ‘अशी काही गोष्टच झाली नव्हती, साहेब’ म्हटले की ती अट सिद्ध करण्याचे ओझे मालकाच्या शिरावर, आणि हाती कागद नाही.