कॅमेऱ्यासमोरचा सदरा

ईद जवळ आली की शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आपण घाईघाईने माप देतो आणि मोकळे होतो. कपडा कोणत्या कामासाठी शिवायचा आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. आज आपण एका खास कामाच्या कपड्यांची माहिती घेऊ. ते काम म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून बोलणे.

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथील माझा एक माजी विद्यार्थी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आला. कर्ज काढून त्याने काजूच्या कलमांची रोपवाटिका सुरू केली. एके दिवशी त्याला दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाचे बोलावणे आले. तो धावतच माझ्याकडे आला.

"सर, काजूविषयी मी बोलेन, पण अंगात घालू काय? मामूंचा कोट नेऊ का?"

त्याने कोट घालून दाखवला. कोट भारी होता, पण त्याचे खांदे दंडावर उतरत होते. कपडा मागून आणला आहे, हे लहान मुलालाही कळले असते. लोकांचा विश्वास बसला तरच त्याची कलमे खपणार होती. म्हणून आम्ही दोघे बाजारपेठेतील एका वयस्कर शिंपीमास्टरांकडे गेलो.

तेथे काय ठरले, ते सांगण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या. कॅमेरा आपल्या डोळ्यांसारखे पाहत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, तेव्हा पडद्यावरचे चित्र काळे-पांढरे असे. लाल सदरा आणि हिरवा सदरा दोन्ही करडेच दिसत. 1982 साली आपल्या देशात रंगीत चित्र आले, तेव्हा रंगांची निवड महत्त्वाची ठरली.

कपडा आणि त्यामागचा पडदा यांचेही नाते असते. 1960 साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार, केनेडी आणि निक्सन, प्रथमच दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले. केनेडींचा सूट गडद होता, म्हणून ते उठून दिसले. निक्सन यांचा सूट फिकट करडा होता. तो मागच्या भिंतीच्या रंगात मिसळून गेला. म्हणून मागचा पडदा कोणत्या रंगाचा आहे, हे आधीच विचारून घ्यावे. पडदा हिरवा असेल तर हिरवा कपडा मुळीच घालू नये. अशा पडद्याच्या जागी यंत्राच्या साहाय्याने दुसरे चित्र दाखवतात. तेच चित्र तुमच्या हिरव्या सदऱ्यावरही उमटेल आणि नुसते डोके व हात तरंगताना दिसतील!

आता कापडाविषयी. कॅमेऱ्यातील चित्र असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. कापडावर अगदी बारीक रेघा किंवा चौकडी असेल, तर ती या ठिपक्यांच्या ओळींशी जुळत नाही. मग पडद्यावर ते कापड लाटांसारखे थरथरते आणि पाहणाऱ्याचे लक्ष विचलित होते. पांढरेशुभ्र कापड दिव्यांच्या प्रकाशात फार उजळते. त्या उजेडाला आवर घालण्यासाठी कॅमेरा सारे चित्र मंद करतो आणि माणसाचा चेहरा काळवंडतो. चकचकीत कापडही प्रकाश परत फेकते. म्हणून फिकट निळा, बदामी यांसारखा सौम्य रंग आणि साधे, बिनचमकीचे कापड चांगले.

आवाजाकडेही लक्ष द्यावे लागते. बोलणाऱ्याच्या छातीपाशी लहानसा माइक अडकवतात. फार कडक खळ दिलेले कापड हलले की सळसळते आणि तो आवाज माइकमध्ये शिरतो.

आता शिंपीमास्टरांच्या दुकानात परत जाऊ. त्यांनी टेप गळ्यात अडकवली आणि विचारले, "बेटा, तू उभा राहून बोलणार की बसून?"

"बसून, चाचा."

"मग उभ्याचे माप घेतो, पण बसून दाखव."

त्यांनी त्याला स्टुलावर बसवले. माणूस बसला की सदरा पोटावर ताणतो, बाही वर सरकते आणि कोट मानेपाशी उचलला जातो. म्हणून सदऱ्याची उंची आणि बाही बेतशीर ठेवावी लागते. कॉलरमध्ये दोन बोटे सहज जावीत. त्याहून सैल कॉलर मान बारीक दाखवते. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी. ज्याला कोट घालायचा असेल, त्याने कोटाचा मागचा घेर खाली ओढून त्यावर बसावे. मग खांदे वर उचलले जात नाहीत.

पूर्वी मुंबई केंद्रावर स्मिता पाटील बातम्या देत. त्या जीन्सवरच साडी नेसून बसत, असे सांगतात. बसलेल्या माणसाचा वरचा भागच पडद्यावर दिसतो. म्हणून पैसे थोडे असतील तर ते सदऱ्यावर खर्च करावेत. पँट जुनी चालेल. मात्र ती स्वच्छ व इस्त्रीची असावी.

मास्टरांनी सुती कापड आधी भिजवून वाळवले, कारण नवे सुती कापड धुतल्यावर आटते. चार दिवसांत फिकट निळा, पूर्ण बाहीचा सदरा तयार झाला. तो घालून माझा विद्यार्थी खुर्चीवर बसला आणि मी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. ते पाहताच खिशातले पेन आणि फुगलेले पाकीट आम्हांला खटकले. ते काढून ठेवले. अशी तालीम तुम्हीही घरी करू शकता. कोकणातील हवा दमट असते. घामाचे डाग दिसू नयेत म्हणून त्याने आत बनियन घातले आणि सदरा पिशवीत नेऊन तेथेच बदलला. मामूंचा कोट घरीच राहिला.

कार्यक्रम झाल्यावर गावोगावचे लोक रोपवाटिकेत येऊ लागले. कलम कधी लावावे, खड्डा किती खोल घ्यावा, असे प्रश्न ते विचारत. सदऱ्याविषयी कोणी एक शब्दही काढला नाही. ही हकिकत ऐकून शिंपीमास्टर हसले. "मग माझे काम बरोबर झाले," ते म्हणाले.

स्वाध्याय
1. मामूंचा कोट का नेला नाही?
2. बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यासमोर का घालू नये?
3. शिंपीमास्टरांनी विद्यार्थ्याला स्टुलावर का बसवले?
4. तुमच्या गावातील शिंप्याला भेटा. सदरा शिवताना तो कोणकोणती मापे घेतो, ते विचारून वहीत लिहा.