मोटारींच्या पुलावर पायी

इस्तंबूलच्या बॉस्फरस पुलावर पायी जायला मनाई आहे. १९७३ साली तो खुला झाला तेव्हा सुरुवातीची काही वर्षं माणसं चालत. पुढे जीव द्यायला येणाऱ्यांमुळे ती वाट बंद झाली. वर्षातून एकदा मात्र, मॅरेथॉनच्या सकाळी, मोटारी थांबवून पूल माणसांच्या हवाली करतात. नोव्हेंबर २०१९मध्ये ही आणि मी त्या गर्दीत सामील झालो. धावणाऱ्यांत नव्हे हो, मागच्या हौशी मंडळींत!

आशियातून निघालो. दीड किलोमीटर चाललं की युरोप. पोरं ढोल बडवत होती, एक कुटुंब तर रस्त्यातच न्याहारीला बसलं होतं. मध्यावर पायांखालचा रस्ता चक्क हलू लागला. झुलता पूल, हलायचाच. खाली चौसष्ट मीटरवर पाणी.

सगळे कठड्याशी धावले. मी मधली पट्टी सोडेना.

"उंचीची भीती वाटते का हो?" हिनं विचारलं.

आमच्या शाखेतल्या एका शिपायानं खाडीपुलावरून जीव दिला, त्याला पुष्कळ वर्षं झाली. आदल्याच आठवड्यात त्याचा कर्जाचा अर्ज मी नियमावर बोट ठेवून परत केला होता. हिला कधी सांगितलं नव्हतं. त्या गोंगाटात सांगितलं.

ही काही बोलली नाही. हात धरून मला कठड्यापर्यंत घेऊन गेली. आम्ही पाणी बघत उभे राहिलो. मग मागून स्वयंसेवक आले आणि पुढे चला, अशा खुणा करू लागले.